विहीणबाईंसाठी भूतकाळ

तोंडात सात टाचण्या धरून पडदेबाई स्पॅनिशमध्ये 'मी नकार दिला' म्हणायचा प्रयत्न करत होत्या. दोन्ही हात निळ्या पडद्याच्या दुमडीत गुंतलेले, आणि टाचण्यांमुळे ओठ उघडायची सोय नव्हती.

"नो किसे," त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या.

"आधी त्या टाचण्या काढा," बिनतारी मास्तर म्हणाले. "एखादी गिळलीत तर विहीणबाईंची आणि तुमची पहिली भेट दवाखान्यात व्हायची."

पडदेबाईंनी एकेक टाचणी काढून मनगटावरच्या उशीत खोचली, दुमड टेबलावर सोडली आणि मोकळ्या तोंडाने पुन्हा म्हटलं, "नो किसे! नो किसे! बरोबर?"

"उच्चार बरोबर. पण इतक्या आनंदात कुणी नकार देत नाही."

पडदेबाईंकडे त्याला इलाज नव्हता. परवा दुपारी विमान उतरणार होतं. त्यातून मुलगा, सून आणि चौदा महिन्यांची नात येणार होती, आणि त्यांच्याबरोबर सुनेची आई. विहीणबाई. तीन वर्षं जिला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं ती बाई या दुकानाच्या वरच्या खोलीत दहा दिवस राहणार होती. पडदेबाईंना कुठेतरी पळून जावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी उड्या माराव्याशा वाटत होत्या. एकोणसाठाव्या वर्षी दोन्ही एकदम करणं सोपं नाही.

बिनतारी मास्तर सव्वीस वर्षं जहाजांवर बिनतारी संदेशांच्या खोलीत बसलेले. बंदराबंदरांत त्यांनी स्पॅनिश गोळा केली, आणि निवृत्त झाल्यावर ती कुणालाच नको आहे हे पाहून गप्प बसले. अकरा महिन्यांपूर्वी पडदेबाई त्यांच्या खिडक्यांची मापं घ्यायला गेल्या होत्या. भिंतीवर टांगलेला सुनेच्या देशाचा जुना नकाशा पाहून त्यांनी विचारलं, "तुम्हाला तिकडची भाषा येते?" तीन खिडक्यांचे पडदे आठवड्यात शिवून झाले. शिकवणी अजून चालू होती.

मास्तरांची पद्धत साधी होती. पुस्तक नाही, पाठांतर नाही. आठवड्याला दहा वाक्यं आणायची, आणि दहाही खरी. खोटं वाक्य ते तपासतच नसत. पहिल्या आठवड्यात पडदेबाईंनी 'माझ्याकडे लाल छत्री आहे' असं वाक्य आणलं, तर मास्तर म्हणाले, दाखवा. बाईंना भर उन्हात घरी जाऊन छत्री घेऊन यावं लागलं. तेव्हापासून त्यांनी मास्तरांना उगीच काही सांगायचं सोडून दिलं.

या आठवड्याचा धडा मात्र त्यांच्या डोक्यात पुरता भिनला होता. स्पॅनिशला साधे भूतकाळ दोन. एक पसरलेला, कुठे सुरू झाला आणि कुठे संपला याचा पत्ता नसलेला. दुसरा एका घावात आटोपलेला. बहुतेक क्रियापदं दोन्हीकडे गुण्यागोविंदाने नांदतात. पण चार-पाच अशी आहेत, की या भूतकाळातून त्या भूतकाळात गेली की अर्थच बदलून बसतात. 'सबीआ' म्हणजे मला माहीत होतं, आणि 'सुपे' म्हणजे मला कळलं. 'कोनोसीआ' म्हणजे मी ओळखत होते, आणि 'कोनोसी' म्हणजे पहिल्यांदा भेटले. 'नो पोदीआ' म्हणजे मला शक्य नव्हतं; 'नो पुदे' म्हणजे करून पाहिलं, पण जमलं नाही. आणि 'नो केरीआ' म्हणजे माझी इच्छा नव्हती, तर 'नो किसे' म्हणजे मी सरळ नकार दिला.

"बघा ना मास्तर," पडदेबाई कात्री नाचवत म्हणाल्या, "आपण नुसतं 'जमलं नाही' म्हणतो आणि त्यात सगळं खपवतो. इच्छा नव्हती तरी जमलं नाही, भांडून घरी बसलो तरी जमलं नाही. हे लोक कसे जगत असतील?"

"तेही खपवतात. कात्री खाली ठेवा. वाक्य सांगा."

पडदेबाईंनी कात्री ठेवली, पदराला हात पुसले आणि शाळेतल्या मुलीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. मग एकेक शब्द सुटा करत त्यांनी स्पॅनिशमध्ये म्हटलं, "मी तुमच्या मुलीच्या लग्नाला आले नाही. मी आजारी नव्हते. मी नकार दिला."

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. काच स्वच्छच होती.

"हे खरं वाक्य आहे?"

"अक्षरन् अक्षर."

"मग व्याकरणाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "फक्त पाठ करू नका. पाठ केलेलं एकदा अडलं की पुढे सरकत नाही."

खरी गोष्ट अशी होती. तीन वर्षांपूर्वी मुलाने फोनवर सांगितलं, की आम्ही तीन आठवड्यांनी लग्न करतोय, इकडेच, कचेरीत. दोघं नोकरीला होती तो देश दोघांच्याही घरांपासून सारखाच लांब. त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. नऊ वर्षांचा असताना वडील गेले, तेव्हापासून या पोराला पडदेबाईंनी एकटीने वाढवलं, दहावीला त्याने कुठली शाखा घ्यावी यावर आठ दिवस घालवले, आणि लग्न मात्र त्याने परस्पर उरकायला काढलं. त्यांचं डोकं फिरलं. "मी येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. मुलाने तिकीट पाठवलं. त्यांनी उघडून पाहिलं नाही. लग्नाच्या दिवशी त्यांनी एका सभागृहाचे चौतीस पडदे शिवले, आणि संध्याकाळी बोटांना इतक्या कळा लागल्या होत्या की दिवा लावताना बटण दाबवेना.

रात्री मुलाचा फोन आला. तो चिडला नव्हता, हेच वाईट. "झालं आई, सगळं छान झालं," तो म्हणाला. "हिची आई आली होती. त्यांनीच सगळं बघितलं. माझ्या बाजूनेही त्याच उभ्या राहिल्या. तू काळजी करू नकोस, मी त्यांना सांगितलंय की तुझा कान बिघडलाय, डॉक्टरांनी विमान नको म्हटलंय."

तेव्हापासून पडदेबाईंना कानाचं दुखणं जडलं. फोनवर विहीणबाई दिसल्या की त्या अपराधी चेहऱ्याने कानावर हात ठेवत. विहीणबाईही सज्जन बाई, लगेच आपल्या गुडघ्यावर थाप मारून तोंड वाकडं करत. "त्यांचा गुडघा दुखतो," मुलगा सांगे. मग दोन्हीकडून मान हलवून सहानुभूती व्यक्त होई. विहीणबाई चार मिनिटं भरभरून काहीतरी बोलत, आणि मुलगा म्हणे, "बरं आहे म्हणतायत." चार मिनिटांत एवढंच कसं बसतं, असं वाटूनच तर पडदेबाईंनी स्पॅनिश शिकायचं मनावर घेतलं होतं. जिने आपल्या मुलाजवळ आपल्या जागी उभं राहून त्याचं लग्न लावलं, त्या बाईचे आभार पोटच्या पोराच्या तोंडून आणि तेही अर्धवट मानायचे, हे त्यांना सहन होत नव्हतं. आणि आभार मानायचे तर आधी खरं सांगायला हवं. खोट्या कानाच्या आडून आभार कसे मानणार?

शुक्रवारी दुपारी टॅक्सी दुकानासमोर थांबली. मुलगा बारीक झाला होता, नात अनोळखी चेहरे पाहून रडायला लागली, सुनेने "आई!" म्हणून मिठी मारली, आणि मागून एक उंच, रुंद खांद्यांची बाई दोन बॅगा दोन हातांत घेऊन उतरली. विहीणबाईंनी तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. त्यांनी वळून टॅक्सीवाल्याला गाडी मागे कशी घ्यायची ते हाताने दाखवलं, मग पडदेबाईंचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी म्हणाल्या.

मुलाने तोंड उघडलं. त्याच्याआधी पडदेबाई म्हणाल्या, "मलाही आनंद झाला. खूप. प्रवास कसा झाला?"

विहीणबाई किंचाळल्याच. सून खाली बसून हसायला लागली. मुलगा आईकडे, मग बायकोकडे, मग पुन्हा आईकडे बघत राहिला.

"कधी शिकलीस?"

"पडदे शिवता शिवता," पडदेबाई म्हणाल्या. हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर आनंदाबरोबर आणखी काहीतरी येऊन गेलं, पण बॅगा उचलायच्या गडबडीत तिकडे कुणी पाहिलं नाही.

विहीणबाईंच्या गुडघ्यासाठी पडदेबाईंनी बैठं स्टूल मांडून वर मऊ उशी शिवून ठेवली होती. विहीणबाई दोन्ही बॅगांसकट दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेल्या. खोलीत पोहोचताच त्यांनी बॅगेतून स्वतः विणलेली जाड लोकरीची टोपी काढली, दोन्ही कानांवर लोंबणाऱ्या पट्ट्यांची, आणि मोठ्या काळजीने पडदेबाईंच्या डोक्यावर चढवली. बाहेर अंग भाजून निघेल असं ऊन होतं. पडदेबाईंनी ती टोपी जेवण होईपर्यंत काढली नाही. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण त्यांना वाटलं, शिक्षाच आहे, भोगू.

शनिवारी सकाळी नातीला बूट घ्यायला मुलगा आणि सून तिला घेऊन बाजारात गेले. जिन्यावरचे आवाज थांबले. तीन वर्षांत पहिल्यांदा दोघी विहिणी एका खोलीत एकट्या होत्या, आणि मध्ये फक्त चहाचे दोन कप.

आधी पडद्यांवर बोलणं झालं. तो शब्द पडदेबाईंना नीट येत होता. मग बसवर. विहीणबाई सावकाश बोलत होत्या, बसमधल्या सगळ्यात लहान मुलाशी बोलावं तसं, आणि पडदेबाईंना जवळजवळ सगळं समजत होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या आनंदाने गरम झाल्या. एका मुलाने एकदा बसमध्ये कासव आणलं होतं, ते शेवटच्या थांब्यापर्यंत कुणाला सापडलं नाही, हे समजून त्या योग्य ठिकाणी हसल्या. स्वतःच्या हसण्याने त्यांना धीर आला.

"मला एक गोष्ट सांगायची आहे," त्या म्हणाल्या. "खरी."

विहीणबाईंनी कप खाली ठेवला.

"मी लग्नाला आले नाही. मी..." आणि इथे पडदेबाईंचं धैर्य सुटलं. "नो पुदे," त्या म्हणाल्या. प्रयत्न केला, जमलं नाही.

शिकाऊ माणसाचं वाक्य चुकलं की हलवावी, तशी विहीणबाईंनी समजुतीने मान हलवली. त्या समजूतदार मानेनेच पडदेबाईंना शरम वाटली.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे खोटं आहे. कान चांगला आहे. दोन्ही चांगले आहेत. नो किसे. मुलावर रागावले होते. तिकीट होतं. मी नकार दिला." आता थांबलो तर संपलं, हे त्यांना माहीत होतं. "तुम्ही होता. माझा मुलगा एकटा नव्हता, कारण तुम्ही होता. रोज वाटतं, सांगावं. आभार. खूप."

त्यांचे डोळे भरून आले होते, पण मनावरचं ओझं असं उतरलं होतं की त्या क्षणी त्यांना चौतीसच काय, शंभर पडदे शिवता आले असते. जमलं! एकही टाचणी न गिळता जमलं! आता विहीणबाई रागावू देत, रडू देत, काहीही करू देत.

विहीणबाईंनी यातलं काहीच केलं नाही.

"मी?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही."

विहीणबाईंनी फोन काढला, बोटाने बराच वेळ काहीतरी शोधलं आणि टेबलावर पडदेबाईंसमोर ठेवला. कचेरीच्या पायऱ्यांवर मुलगा आणि सून, दोघंच, उन्हात डोळे बारीक केलेले. हाच फोटो पडदेबाईंकडेही होता. तो विहीणबाईंनी काढला असणार असं त्या धरून चालल्या होत्या.

"हा फोटो तुम्ही काढलात," विहीणबाई म्हणाल्या. "मुलीने सांगितलं. त्याची आई आली होती, तिने सगळं केलं, माझ्या बाजूनेही तीच उभी राहिली. मी तुमचे आभार मानायला आलेय. इतक्या लांब, त्याचसाठी."

पडदेबाईंना वाटलं, आपल्याच ऐकण्यात गफलत झाली. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. विहीणबाईंनी पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश. मग तळहात स्वतःच्या छातीवर ठेवून त्या म्हणाल्या, "नो किसे. मीसुद्धा. मी तिला म्हटलं, इतक्या लांबच्या मुलाशी लग्न करतेस, तर मला बोलावू नकोस. त्या दिवशी मी सुट्टीही घेतली नाही. बस चालवली. दोन्ही फेऱ्या."

"गुडघा?" पडदेबाईंनी विचारलं.

विहीणबाई उभ्या राहिल्या, आणि दोनदा खाली बसून उठून दाखवलं. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. मुलीनेच सांगितलं होतं की त्याच्या आईला मी तुझ्या गुडघ्याचं कारण दिलंय, फोनवर लक्षात ठेव.

आधी दोघींना हसू आलं. साधं नव्हे, तोल जाईल असं. तीन वर्षं एक बाई कान दाखवत होती आणि दुसरी गुडघा, आणि दोघी एकमेकींची कीव करत होत्या! पडदेबाईंनी कोपऱ्यातलं स्टूल आणि उशी आणून विहीणबाईंच्या पायाखाली सरकवली, विहीणबाईंनी खुंटीवरची टोपी पडदेबाईंच्या डोक्यावर घातली, आणि हसता हसता एकीने दुसरीचा दंड धरला. मग हसणं हळूहळू ओसरलं. टेबलावरचा फोन अजून उजळलेला होता. पायऱ्यांवर दोघंच उभी होती. त्या फोटोत तिसरं माणूस कुठे असायला हवं होतं, याचा विचार दोघींच्याही मनात एकदमच आला असावा, कारण दोघींनी एकदमच तिकडून नजर काढली.

जिन्यावर पावलं वाजली. नात नव्या बुटांत थपथप चालत आत आली, मागून सून, मागून मुलगा. आईच्या डोक्यावर टोपी, सासूचे पाय स्टुलावर, दोघींचे डोळे लाल. मुलगा दारातच थबकला. मग त्याने सवयीप्रमाणे हसून विचारलं, "काय चाललंय? काही अडलं का? मी सांगतो ना त्यांना."

"काही अडलेलं नाही," पडदेबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही दोघं जेवलात कुठे?"

"कुठल्या दिवशी?"

विहीणबाईंनी पाय खाली घेतले आणि फोन त्याच्याकडे वळवला. सुनेने आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि नातीला कडेवर घेऊन ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. मुलाने फोटो पाहिला आणि खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

"तुला वाईट वाटलं असतं," तो शेवटी म्हणाला. "दोन्हीकडून कुणीच नाही म्हटल्यावर. आणि हिच्या आईलाही. आम्ही ठरवलं, दोघींनाही निदान एवढं तरी वाटू दे, की कुणीतरी होतं."

"साक्षीदार लागतात ना? कोण होतं?"

"रांगेत आमच्या मागे एक जोडपं होतं. त्यांच्याबरोबर वीस-पंचवीस माणसं. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, चला, आम्ही सही करतो." बोलता बोलता तो त्या दिवशीसारखाच जरा खुलला. "मग आम्हीही त्यांच्यासाठी सह्या केल्या. फोटो त्यांच्याच कुणीतरी काढला. आम्ही निघालो, तर सोडेनात. पायऱ्यांवरच सगळे पाव आणि फळं खात होते, आम्हालाही ओढलं त्यांच्यात. त्यांच्या दोघांच्या आया होत्या. एकीने हिचे केस पुन्हा बांधून दिले. दुसरीने मला उभं केलं आणि माझी कॉलर नीट केली. मला म्हणाली, आता दिसतोयस नवरा." तो थांबला. "तेवढंच. छान झालं गं आई. खरंच छान झालं होतं."

विहीणबाईंना यातलं अक्षरही समजलं नव्हतं. त्यांनी आधी जावयाकडे, मग मुलीकडे पाहिलं. "काय म्हणाला?"

सुनेने नातीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली होती.

"मी सांगते," पडदेबाई म्हणाल्या.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सांगायला सुरुवात केली. रांग सांगितली, मागचं जोडपं सांगितलं, वीस-पंचवीस माणसं सांगितली. सह्या सांगितल्या. कुठे अडखळल्या तिथे मागे गेल्या आणि पुन्हा आल्या. पाव आणि फळं सांगितली. एका आईने तुमच्या मुलीचे केस बांधले, हे सांगितलं, तेव्हा विहीणबाईंचा हात तोंडाशी गेला. दुसऱ्या आईने, असं म्हणून पडदेबाई पुढे बोलायला गेल्या, आणि थांबल्या. आयुष्यभर कापडात बोटं घालून बसलेल्या बाईला स्पॅनिशमध्ये कॉलरला काय म्हणतात ते येत नव्हतं.

त्या उठल्या, मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि दाखवण्यासाठी म्हणून त्यांनी त्याची कॉलर दोन्ही हातांत धरली.